आजीचं ओगराळं

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात ‘मला घडवणारी व्यक्ती’ या विषयावर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला बोलायला उभं करून मंडळाने मोठीच जोखीम पत्करली आहे. मी पी-वेचा माणूस. सकाळी सहाला गँगसमोर उभं राहून दहा मिनिटं बोलायची मला सवय आहे, पण तिथे माईक नसतो आणि समोर इतकी नटूनथटून आलेली मंडळीही नसतात. चिटणीस साहेबांनी दोन अटी घातल्या आहेत. पहिली, वीस मिनिटांत संपवायचं. दुसरी, रुळांवर बोलायचं नाही. पहिली पाळायचा प्रयत्न करतो. दुसरी मोडणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

काल याच व्यासपीठावरून दोन वक्त्यांनी फार मोठ्या माणसांवर भाषणं केली. मी ज्या व्यक्तीबद्दल बोलणार आहे, तिचा फोटो कुठल्या भिंतीवर नाही. आमच्याच घरी एक आहे, तोही रेल्वेच्या पाससाठी काढलेला. ती माझी आजी, माझ्या वडिलांची आई. तिला सही करता येत होती आणि हरिपाठ पाठ होता. एवढंच तिचं शिक्षण.

आमचं मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात, मोडनिंबच्या बाजूला. तिथून जाणारी नॅरोगेज आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनीअरने ती उभी केली. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, पुढे एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला 1927 साली मिरज. दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. आपली ब्रॉडगेज 1676, म्हणजे निम्म्याहूनही कमी. 1954 साली सरकारने ती कंपनीकडून विकत घेतली. पण आमच्या भागात शेवटपर्यंत तिला कुणी कंपनीची किंवा सरकारची म्हटलं नाही. ती पंढरीची गाडी होती.

माझे आजोबा त्या लाइनीवर गँगमन होते. 1968 साली तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. आजी तेव्हा तेहेतीस वर्षांची. पदरात माझे वडील आणि आत्या. पुढच्या वर्षी अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी मिळाली. जवळच्याच एका लहान स्टेशनवर पाणीवाली म्हणून. कागदावर चतुर्थ श्रेणी कर्मचारी. लोकांच्या तोंडी ‘टेसनावरची पाणीवाली बाई’.

आजच्या मुलांना हे काम माहीत नाही. आज प्लॅटफॉर्मवर नळ आहेत, बाटल्या मिळतात. तेव्हा लहान स्टेशनवर विहिरीचं पाणी आणून रांजण भरायचे, आणि गाडी आली की उतारूंना पाणी द्यायचं. आजीचे दोन रांजण होते. वाळूवर बसवलेले, ओलं पोतं गुंडाळलेले. पहाटे उठून ती ते रिकामे करायची, आतून घासायची, नऊवारीच्या जुन्या धडप्याने पाणी गाळून परत भरायची. दोन मिनिटं गाडी थांबायची. तेवढ्यात ती तोटीची झारी घेऊन खिडकी-खिडकीने फिरायची, आणि जे उतरतील त्यांना रांजणातून ओगराळ्याने ओंजळीत ओतायची. ते ओगराळं पितळी होतं, लांब दांड्याचं, तिच्या माहेरचं. रेल्वेने दिलेलं पत्र्याचं होतं, पण ते तिला आवडायचं नाही. म्हणायची, “त्याचा वास येतो पाण्याला.”

तिचे नियम होते. आधी लेकरं, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. उन्हातून आलेल्याला आधी सावलीला बसवायचं, गुळाचा खडा हातावर ठेवायचा आणि मगच पाणी. गूळ तिच्या पगारातला. या खर्चावरून माझे वडील आणि ती यांच्यात भांडणं होत. ती निमूट ऐकून घ्यायची आणि महिन्याच्या सामानात पुन्हा गूळ लिहायला सांगायची.

एकदा एका वयस्कर गृहस्थांनी ओंजळ पुढे करण्याआधी विचारलं, “बाई, तुम्ही कोणत्या समाजाच्या?” आजी म्हणाली, “रेल्वेच्या.” त्यांनी क्षणभर पाहिलं, आणि पाणी प्यायले. तहान होतीच. ही गोष्ट तिने मला कितीतरी वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी पुढे एकच आठवण जोडायची. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले होते, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्या सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून. दहा दिवसांनी ते सुटलं. आजी तेव्हा बारा वर्षांची. तिच्या गावात त्यावरून दोन तट पडले होते, आणि तिच्या वडिलांनी जेवताना एवढंच म्हटलं होतं, की ज्याला दारात येऊ द्यायचं नाही त्याच्या तोंडचं नाव तरी देव कसं घेऊ देतो? आजीला हे वाक्य कळायला बरीच वर्षं लागली, असं ती म्हणायची. रांजणाशी उभी राहिल्यावर कळलं.

आता तिच्या भक्तीविषयी. आजी माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीचा उपास, पहाटे हरिपाठ. पंढरपूर गाडीने तासा-दीड तासावर. आणि तरीही, मंडळी, 1969 पासून 1993 साली निवृत्त होईपर्यंत, चोवीस वर्षांत, तिने आषाढी एकादशीला विठ्ठलाचं दर्शन घेतलं नाही.

कारण साधं आहे. तुम्ही रेल्वेवाले लगेच ओळखाल. यात्रेच्या दिवसांत रेल्वेवाल्यांची रजा बंद. जादा गाड्या सुटायच्या, माणसं डब्यात मावत नसत, टपावर बसायची. त्या सगळ्यांना पाणी द्यायचं. वर्षभरात तिचं सर्वांत जास्त काम त्याच चार दिवसांत. शेवटची गाडी जाईपर्यंत ती काही खात नसे. एकादशी होतीच म्हणा, त्यामुळे उपास कुणाच्या लक्षातही यायचा नाही. ती जायची पुढच्या वद्य एकादशीला, गर्दी ओसरल्यावर, पास काढून.

मी लहानपणी तिला विचारलं होतं, “आजी, तुला वाईट नाही वाटत? सगळं जग जातं आणि तू इथेच.” तर तिने मला एक गोष्ट समजावून सांगितली. यात्रेच्या दिवसांत पंढरपूरच्या देवळात देवाचा पलंग काढून ठेवतात. रात्रंदिवस दर्शन चालू असतं, देवाला झोप नाही. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, आणि मग देवाला विश्रांती मिळते. हे सांगून ती म्हणाली, “देवच ड्यूटीवर असतोय रं त्या दिसांत. मग आपण रजेवर कसं जायचं?”

एक वर्ष मात्र ती गेली होती. 1970 च्या दशकातच कधीतरी, दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी. स्टेशन मास्तर भले माणूस होते. ते म्हणाले, बाई, जाऊन या एक वर्ष, मी दुसरा माणूस लावतो. ती गेली. चंद्रभागेत स्नान केलं, बारीला उभी राहिली. दुपारपर्यंत बारी अर्धीही सरकली नव्हती. आणि उन्हात उभं असताना तिच्या डोक्यात एकच विचार, की साडेतीनच्या गाडीच्या आधी रांजण भरला असेल का? तिने कळसाला हात जोडले, बारी सोडली आणि मिळेल त्या गाडीने परत आली. रांजण कोरडा होता. बदली माणूस तिकिटाच्या खिडकीवरची गर्दी आवरत होता, त्याचाही दोष नव्हता. प्लॅटफॉर्मवर एक बाई रडणारं पोर घेऊन बसली होती. आजी ओल्या लुगड्यानिशी तशीच विहिरीवर गेली. त्यानंतर तिने आषाढीची रजा कधीच मागितली नाही.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, की नातू आजीचं कौतुकच सांगणार. आता जे सांगतो ते कौतुकाचं नाही, आणि माझ्याबद्दल आहे.

दहावीनंतर मी सोलापूरला सिव्हिलचा डिप्लोमा केला. डिग्रीला जाण्याइतके मार्कही नव्हते आणि पैसेही. आजी निवृत्त झाली होती, तिच्या पेन्शनीतून फी भरली गेली. नातेवाईक विचारायचे, “डिप्लोमाच का?” मला ते लागायचं. मग 2004 साली रेल्वेत ज्युनिअर इंजिनीअर म्हणून लागलो आणि थेट इकडे बिलासपूरला आलो. आजीला फोन केला. पगार किती, क्वार्टर कसं, यातलं तिने काही विचारलं नाही. म्हणाली, “तुझ्या गँगला पाणी कोण देतं?”

मी हसलो. म्हटलं, “आजी, ते दिवस गेले. आपापल्या बाटल्या आणतात सगळे.”

“बरं,” म्हणाली.

2007 चा मे महिना. एका यार्डात झिजलेलं क्रॉसिंग बदलायचं होतं. माझ्या जबाबदारीवर होणारं पहिलंच मोठं काम. मी आदल्या रात्री बसून यादी केली. क्रॉसिंग, स्लीपर, जॅक, पहारी, बोल्ट, सुटे भाग, दोन्ही बाजूंना बॅनर फ्लॅग घेऊन उभी राहणारी माणसं. बत्तीस कलमांची यादी होती, मला अजून आठवते, कारण मला तिचा अभिमान वाटला होता. ब्लॉक साडेदहाला मिळणार होता. तो मिळाला साडेबाराला. त्यात कुणाचा दोष नाही. कोळशाच्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या, आणि आपल्या डिव्हिजनमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझी माणसं सकाळी साडेआठपासून उन्हात तयार बसली होती. ब्लॉक मिळेपर्यंत त्यांच्या बाटल्या संपल्या होत्या.

मी घड्याळाकडे बघत होतो. क्रॉसिंग जागेवर आलं, बोल्ट आवळले जात होते, आणि तेवढ्यात एक ज्येष्ठ ट्रॅकमन पहार हातात धरूनच खाली बसला आणि आडवा झाला. अंग भट्टीसारखं तापलेलं, घाम नाही, बडबड चालू. उष्माघात. तिथल्या तिथे त्याच्यावर ओतायलासुद्धा आमच्याकडे पाणी नव्हतं. एक पोरगा धावत स्टेशनवर गेला. दोन बादल्या यायला पंधरा मिनिटं गेली. ती पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो आणि डोळ्यांसमोर बत्तीस कलमांची यादी होती. तिच्यात पाणी नव्हतं.

तो वाचला. तीन दिवस दवाखान्यात होता. पण पुढे उन्हातलं काम त्याला झेपेना, हलकं काम द्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. मला वाटलं होतं, तो किंवा त्याच्या घरचे मला बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “पानी तो ग्यारह बजे ही खतम हो गया था साहब. आप काम में थे, कैसे बोलते?”

त्या रात्री आजीला फोन केला. वाटलं होतं, ती म्हणेल, असू दे लेकरा, तुझ्या हातात काय होतं. ती असं काही म्हणाली नाही. सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ गप्प. मग विचारलं, “रांजण कुठं ठेवलावता?”

“नव्हता, आजी.”

“मग?”

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रडायला लागलो. तेव्हा ती म्हणाली, “माझ्याम्होरं रडून काय व्हणार? सकाळच्याला उठून रांजण भर.” आणि फोन ठेवला.

मंडळी, इंजिनीअरिंगची पुस्तकं मी वाचली, प्रशिक्षणंही भरपूर घेतली. पण मी इंजिनीअर झालो तो त्या फोनने. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक ब्लॉकच्या यादीत पहिलं कलम पाणी असतं. उन्हाळ्यात माणशी पाच लिटर, सावलीला ताडपत्री, मीठ-साखरेची पाकिटं आणि गूळ. एका माणसाचं काम फक्त पाणी द्यायचं. सुरुवातीला सहकारी चिडवायचे, “साहेबांनी प्याऊ उघडली.” एक माणूस कमी पडतो, हे खरं आहे. पण इतक्या वर्षांत माझ्या गँगमधलं दुसरं कुणी उन्हाने पडलेलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पहिलाही पडायला नको होता.

आता थोडं मागे जातो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या आषाढीला, 1994 साली, आजी मला घेऊन पंढरपूरला गेली. मी तेव्हा सातवीत. रात्रभर बारीत उभे होतो. शेवटी गाभाऱ्यात पोचलो. आपल्याला माहीतच आहे, पायावर डोकं ठेवतो न ठेवतो तोच मागून पुढे सरकवतात. बाहेर आल्यावर मी विचारलं, “आजी, चोवीस वर्षांनी आलीस. काय मागितलंस?”

म्हणाली, “मागायला येळ कुठं गावला? एवढी गर्दी, म्हटलं हा बी दमला असंल. तहान लागली का रं तुला, येवढंच इचारलं.”

तेव्हा मी खूप हसलो होतो. आज हसू येत नाही.

2011 च्या ऑगस्टमध्ये ती गेली. एकादशी वगैरे काही नव्हती, साधा मंगळवार होता. पावसाळी पेट्रोलिंगचे दिवस. मी सेक्शनवर असताना फोन आला. गाड्या बदलत पोचेपर्यंत तिसऱ्या दिवसाचं सगळं आटोपलं होतं. शेवटचं बोलणं झालं होतं दहा दिवस आधी. त्यातही तिने विचारलं होतं, “रातच्याला रुळावर चालणाऱ्या पोरांस्नी घोंगडं हाय का?” मी म्हटलं, “रेनकोट असतो आजी.” “फाटका न्हवं?” मी म्हटलं, “बघतो.” आणि खरोखरच बघितलं, तेव्हा दोघांचे फाटलेले निघाले.

तिला एकदा नव्या ब्रॉडगेजने कुर्डुवाडीहून पंढरपूर, पंढरपूरहून मिरज असं फिरवून आणायचं मी कबूल केलं होतं. त्या रुळांवर आता मोठ्या गाड्या धावतात. पंढरपूरपर्यंत ब्रॉडगेज आधीच झाली होती, मिरजेच्या बाजूचं काम 2010 च्या सुमारास पुरं झालं. मी दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. ते राहून गेलं. आपण सगळे घरापासून दूर असलेले लोक. आपल्यातल्या प्रत्येकाच्या खात्यावर असं एखादं ‘पुढच्या वर्षी’ असणार. ज्यांची माणसं अजून आहेत, त्यांनी या दिवाळीत रजा टाकावी. नाही मिळाली तर पुन्हा टाकावी.

वाटणीत आत्याने आजीची माळ घेतली. मला ओगराळं मिळालं. ते माझ्या घरात नाही. आमच्या टूलरूममध्ये पहारी आणि बीटर जिथे ठेवतात तिथे खिळ्याला टांगलेलं आहे, आणि ब्लॉकच्या दिवशी बाहेर निघतं. माझी छत्तीसगढी पोरं त्याला ‘दाई का डोंगा’ वगैरे काहीबाही म्हणतात. आजीला ते आवडलं असतं.

वीस मिनिटं होत आली. चिटणीस साहेब घड्याळ दाखवत आहेत. जाता जाता एक विनंती करतो. अनंत चतुर्दशीला आपली मिरवणूक निघेल. आपण नाचू, गुलाल उधळू, घरी येऊन जेवू. त्या वेळी बंदोबस्ताचे पोलीस चौकात उभे असतील. घाट झाडणारे लोक आपण गेल्यावर काम सुरू करतील. आपल्यापैकीच कितीतरी जण, पॉइंट्समन, गेटमन, कंट्रोलवाले, ड्यूटीवर असतील आणि त्यांना बाप्पाला निरोपही देता येणार नाही. मिरवणुकीच्या वाटेवर दोन ठिकाणी आपण पाणी ठेवू या. खर्चाचा भार मंडळावर नको, एका ठिकाणचा मी उचलतो. फक्त तिथे उभं राहायला माणसं हवीत. नळ लावून निघून जायचं नाही. उभं राहून, विचारून द्यायचं.

ओगराळं मी घेऊन येईन.

रामकृष्ण हरी. गणपती बाप्पा मोरया!